समुद्र दिसणारे घर

आमच्या वऱ्हाडात कुणी 'मला समुद्रकाठी घर बांधायचे आहे' असे म्हटले, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग विचारील, "प्लॉट कुठं घेतला?" आमचा जवळचा समुद्र म्हणजे मुंबईचा, आणि तो अकोल्याहून रेल्वेने जवळजवळ सहाशे किलोमीटर. माझे माहेर दर्यापूर. नावात दर्या आहे, पण ते नाव इमादशाहीतल्या दर्या इमादशाहावरून पडले असे सांगतात. पाणी म्हणाल तर तिथे पूर्णा नदी आणि खारपाणपट्टा. सासर अकोला, बी.एड. अमरावतीचे. म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचे माझे सगळे आयुष्य शंभर किलोमीटरच्या आत गेले.

उर्दू शाळेत भूगोलाच्या तासाला 'नसीम-ए-बहरी' आणि 'नसीम-ए-बर्री' पाठ केले होते. मराठी पुस्तकात यांनाच खारे वारे आणि मतलई वारे म्हणतात. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. उत्तर बरोबर लिहिले, गुण मिळाले. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले तेव्हा हाच धडा मीही फळ्यावर बाण काढून शिकवला. बाण फार सुंदर काढत असे मी.

२०१५ मध्ये दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी उर्दू हायस्कूलमध्ये नेमणूक मिळाली. कोकणात असे होते हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. कोकणी मुसलमानांच्या घरात बोली कोकणी, पण शाळा उर्दू. गावोगाव उर्दू शाळा आहेत आणि शिकवायला माणसे मालेगावहून, मराठवाड्यातून, वऱ्हाडातून येतात. तिथल्या तरुण मुलींना याचा राग येतो आणि तो रास्तही आहे. पण नोकरी ही नोकरी. पती अकोल्यात दुकान सांभाळून राहिले आणि मी दोन वर्षांच्या मुलीला काखेत घेऊन निघाले. सात वर्षे तिथे काढली.

राहायला खोली मिळाली ती एका चाचींच्या घरात. वय पासष्टच्या पुढे, नवरा वारलेला, दोन मुली लग्न होऊन मुंब्रा आणि महाडला, एकुलता मुलगा कुवेतला. घरात त्या एकट्या. पहिल्या संध्याकाळी सामान लावून झाल्यावर मी विचारले, "चाची, समुद्र कुठे आहे?" मला वाटले होते, सिनेमात दाखवतात तसे दार उघडले की निळे पाणी दिसेल. चाचींनी मान न वळवता पाठीमागे बोट केले. "तो काय. ऐकू येत नाय?"

ऐकू येत होता. दिसत मात्र नव्हता. किनाऱ्यावरच्या घरातून समुद्र दिसत नाही, हे माझ्या बुद्धीला पटायला बरेच दिवस लागले. तिथल्या जुन्या वस्तीची रचनाच तशी आहे. गावातून एक रस्ता जातो, जुन्या लोकांच्या बोलण्यात पाखाडी. तिच्या दोन्ही बाजूंना घरे, घरांची तोंडे पाखाडीकडे. घराच्या मागे विहीर, मग वाडी. वाडीत माड, पोफळी, मध्ये जायफळ, केळी, अननस. वाडीच्या शेवटी केवडा आणि उंडीची झाडे, त्यापुढे वनखात्याने लावलेले सुरूचे बन, मग वाळूची टेकाडे आणि मग समुद्र. म्हणजे घराने समुद्राकडे पाठ केलेली आणि मध्ये झाडांचे तीन-चार पडदे. केळशी, मुरूड, अंजर्ले, पलीकडे दिवेआगर, सगळीकडे कमीअधिक असेच. कोळ्यांची घरे तेवढी पाण्याच्या जवळ, कारण त्यांच्या होड्या तिथे आणि पोट तिथे. ज्याचे समुद्राशी काम त्याचे घर समुद्रापाशी. बाकीच्यांनी समुद्राची सोबत लांबूनच केली.

का, ते पहिल्या पावसाळ्यात कळले. अकोल्यात वर्षाचा पाऊस साधारण आठशे मिलिमीटर. दापोलीकडे साडेतीन हजारांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पण नुसता आकडा सांगून उपयोग नाही. आमचा पाऊस वरून पडतो, तिथला आडवा येतो. नैर्ऋत्येचा वारा त्याला समुद्रावरून उचलून भिंतीवर मारतो. त्याला ते झड म्हणतात. झड लागली की खिडकीच्या फटीतून पाणी पिचकारीसारखे आत येते. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर पहिल्याच श्रावणात बुरशी धरली. उर्दू पुस्तकांच्या जिल्दी सुटल्या. मिठाच्या बरणीत पाणी झाले. मुलीचा गणवेश धुतला की चार दिवस चुलीवरच्या दांडीवर लटकत राही आणि शाळेत आमच्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येई. कुणाला त्याचे काही वाटत नसे.

चाचींचे घर मात्र त्या चार महिन्यांत जणू कामाला लागे. इतर आठ महिने ते साधेच दिसायचे. जांभ्या दगडाचे उंच जोते, चिऱ्यांच्या भिंती, किंजळ आणि फणसाच्या लाकडाचे वासे, वर मंगलोरी कौले. पुढे ओटी, आत माजघर, मागे आणि पश्चिमेच्या अंगाला रुंद पडवी. छप्पर इतके खाली उतरलेले की माझे पती पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचे कपाळ वाशाला आपटले. त्यांना वाटले, बांधणाऱ्याला उंचीचा अंदाज नव्हता. अंदाज अगदी होता. छप्पर खाली उतरवले की झड भिंतीपर्यंत पोहोचत नाही.

जांभा हा मोठा विचित्र दगड आहे. जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या माणसाने मलबारात तो पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिले. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. म्हणून त्याच्यावर छपराची सावली हवी, जशी उन्हाची तशी पावसाची. मे महिन्यात चाची दोन गडी लावून झावळ्यांचे झाप विणून घेत आणि पडवीच्या पश्चिम बाजूला बांधत. त्या पडवीत पावसाळ्याची बेगमी: जळण, नारळ, कोकम, सुके बोंबील आणि कोलीम, भाताचे तूस. घराची ती बाजू म्हणजे गोदामही आणि ढालही. पाऊस आधी झापावर, मग लाकडाच्या राशीवर, मग भिंतीवर. भिंतीच्या आत माणूस कोरडा.

हे पाहून मला दर्यापूरचे अब्बांचे जुने घर आठवे. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचे धाबे, पश्चिमेला एकही खिडकी नाही. लोक म्हणत, जुनी घरे अंधारी. पण मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की दुपारी दोन वाजता त्याच अंधाऱ्या खोलीत सगळी गल्ली येऊन पडे. तेव्हा घर उन्हाळ्यासाठी बांधलेले होते आणि बाकीचे आठ महिने त्या उन्हाळ्याची किंमत म्हणून थोडा अंधार सोसत होतो. कोकणातले घर तसेच पावसाळ्यासाठी बांधलेले. वर्षभर राहायचे घर हे वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याला विचारून बांधायचे असते. चांगल्या महिन्यात माणूस झाडाखालीही राहतो.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी निघाली, ती म्हणजे मीठ. खारपाणपट्ट्यात वाढलेल्याला मीठ भिंत कशी खाते हे सांगावे लागत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते पायातून भिंतीत चढते, सुकते, आणि मागे पांढरा लोणा राहतो. लोणा लागला की गिलावा भुगा होऊन खाली येतो. कोकणात मीठ हवेतून येते, एवढाच फरक. दाराच्या लोखंडी बिजागऱ्या दोन-तीन वर्षांत कुरकुरायला लागतात. माझा अकोल्याहून नेलेला गोदरेजचा आरसा कडेने काळा पडला. चाचींच्या दारांना पितळी बिजागऱ्या होत्या, सासऱ्यांच्या काळापासूनच्या. मी म्हटले, "चाची, पितळ महाग." त्या म्हणाल्या, "लोखंड महाग. दर दोन वर्षांनी घ्यायचं."

त्या विहिरीचा पंपही दिवसातून अर्ध्या तासाच्या वर चालू देत नसत. त्याचे विज्ञान मी मुलांना शिकवत होते, पण चाचींच्या पंपाशी ते जोडायला मला वेळ लागला. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. वरचा एक फूट जादा उपसला की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. चाचींना एकास चाळीस हे प्रमाण माहीत नव्हते. शेजारच्या वाडीतली विहीर मचूळ झालेली त्यांनी पाहिली होती, तेवढे पुरे होते.

मग २०२० आले. मार्चपासून टाळेबंदी, मी आणि मुलगी तिकडेच अडकलेल्या, अकोल्यात रोज रुग्ण वाढत होते आणि पतीशी बोलणे फक्त फोनवर. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. ते दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले, आम्ही त्याच्या दक्षिणेला. सकाळपासून वारा दिशा बदलत होता. दुपारी तो समुद्रावरून सरळ आला. आम्ही तिघी माजघरात मोठ्या पलंगाखाली. चाची आयतुल कुर्सी म्हणत होत्या, मधेच थांबून "आता गेली ती जायफळीन" असे झाडाचे नाव सांगत होत्या. कुठले झाड पडले ते त्यांना आवाजावरून कळत होते. माझ्या मुलीने त्या दिवशी जे कान दाबून धरले, ते अजूनही जोराचा वारा सुटला की तशीच दाबते.

संध्याकाळी बाहेर आलो. निम्मी कौले गेली होती, पश्चिमेच्या पडवीचे वासे मोडले होते. भिंती शाबूत. पलीकडच्या नव्या घरांचे पत्रे दुसऱ्यांच्या वाडीत जाऊन झाडांत अडकले होते. कौल उडते ते जवळ पडते आणि फुटते; पत्रा उडतो तो तलवार होऊन जातो. वाडी मात्र झोपली होती. पोफळी मधोमध मोडल्या होत्या, माड मुळांसकट आडवे. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून, घराच्या मागच्या दारात उभे राहून, पहिल्यांदाच समुद्र दिसत होता. गढूळ, जवळ, आणि वाटला होता त्यापेक्षा उंच. चाचींनी दार लावून घेतले.

आमच्या मोहल्ल्यात वीज यायला महिना गेला. वीज आली, नेटवर्क आले, मुलाचा कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. चाची मागच्या पडवीत बसून त्याला नुकसान दाखवत होत्या. तो एकदम म्हणाला, "अम्मी, तुमच्या मागे समुद्र दिसतोय?"

तिथून सगळे सुरू झाले. त्याचे म्हणणे असे की, घर तसेही मोडले आहे, तर आता दुरुस्ती नको. नवे बांधू. वाडी तशीही गेली, तर वाडीच्या टोकाला, समुद्रासमोर बांधू. तालुक्याच्या एका इंजिनिअरकडून त्याने नकाशा काढून घेतला आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवला, "टीचर, अम्मीला समजावून सांगा." नकाशा देखणा होता. दोन मजले, सपाट स्लॅब, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, पुढे बाल्कनी, तीन बेडरूम आणि प्रत्येकीला संडास-बाथरूम. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात मोठ्या खोलीत लिहिले होते: अम्मी.

त्या मुलाला नावे ठेवावीत असे मला कधी वाटले नाही. अशा घरांबद्दल बोलताना आपण लगेच 'गल्फचा पैसा' म्हणून नाक मुरडतो. मी त्याला एकदा विचारले, "भाई, एवढी काच कशाला?" तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "टीचर, मी राहतो त्या खोलीत सहा जण आहोत. खिडकी नाही. वीस वर्षे मी भिंत बघतोय." यावर विज्ञानाची शिक्षिका काय उत्तर देणार?

चाचींना नकाशा वाचता येत नव्हता. मी ओटीवर खडूने तो मोठा करून काढला, शाळेत काढते तसा, आणि त्यांना त्यातून चालायला लावले. त्या खरेच चालल्या. पुढचे दार, हॉल, जिना. जिन्याच्या रेघेपाशी थांबून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग प्रश्न सुरू झाले. जळण कुठे? सुकी मासळी कुठे, हॉलमध्ये? पावसात कपडे कुठे वाळतील? वुजूला बाहेर बसायची जागा कुठे? झाप कुठे बांधायचे, काचेला? मी एकेक प्रश्न वहीत लिहीत होते. शेवटचा प्रश्न त्यांनी खाली बसून विचारला. "टीचर, या जिन्यातून जनाजा वळंल?"

मी रेघा पुन्हा मोजल्या. तीन फूट रुंद जिना, मध्ये काटकोनात वळण. नव्हता वळणार. आणि गुस्ल द्यायला तळमजल्यावर मोकळी जागाही नव्हती. सुटीत येणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न येत नाही. बारा महिने राहणाऱ्याला तो पडतो, कारण बारा महिने राहणारा तिथेच मरणार असतो.

वाडीच्या टोकाची गोष्ट कायद्यानेच मिटवली. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध देशात १९ फेब्रुवारी १९९१च्या अधिसूचनेपासून आहेत. पुढे २०११ मध्ये आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. आमच्या गावासारख्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर 'ना विकास क्षेत्र'. तिथे नवे घर नाही. जुने अधिकृत घर असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. गावात या नियमाला शिव्याच फार. कुणाला गोठा वाढवता येत नाही, कुणाला भावासाठी खोली काढता येत नाही, आणि पैसेवाल्यांची रिसॉर्टे कशी उभी राहतात हे कुणी सांगत नाही. त्या शिव्या मलाही पटतात. पण आमच्यापुरते त्या नियमाने घर जुन्या जोत्यावर ठेवले, हे खरे.

स्लॅबवरून वाद लांबला. मुलाला कौले म्हणजे गरिबी वाटत होती. सपाट स्लॅब किनाऱ्यावर चालतच नाही असे नाही, पण तो मुंबई-पुण्याच्या हिशेबाने टाकून भागत नाही. खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, सळईला गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडलेली घरे त्या किनाऱ्यावर हवी तेवढी दाखवता येतील. आय.एस. ४५६ या भारतीय मानकात साध्या हवेत सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण चालते, उघड्या किनाऱ्यावर ते ४५ मिलिमीटर हवे आणि काँक्रीटही एम-३० प्रतीचे हवे. नकाशासोबतच्या अंदाजपत्रकात एम-२० लिहिले होते. मी इंजिनिअर नाही. मी फक्त ते पान मुलाला पाठवले आणि आवरणाचा आकडा विचारायला सांगितले. उत्तर आले, "सगळे असेच करतात."

सगळे असेच करतात हे उत्तर शाळेत मुलांनी दिले तर आपण त्यांना बाकावर उभे करतो.

शेवटी दोन वर्षांत जे घर झाले ते असे. जोते जुनेच. तळमजल्याच्या भिंती जुन्याच, सांधे नव्याने भरलेल्या. चाचींची खोली खाली, पूर्वेला, पाखाडीच्या बाजूस. तिला लागून संडास, पण त्याचा खड्डा विहिरीपासून दूर, वाडीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. माजघराचे मागचे दार चार फूट रुंद. का, ते मुलाने विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. पश्चिमेची पडवी आधीपेक्षा दोन फूट रुंद. वर उतरते छप्पर, नवी मंगलोरी कौले. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. त्याआधी कोकणात कुंभाराची नळ्यांची कौले असत, आमच्याकडची कवेलू. यावेळी पश्चिमेच्या आणि कडेच्या रांगांतले प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रिपेला बांधले. सुताराने कटकट केली, पण बांधले. बिजागऱ्या पितळी.

आणि माडीवर, उत्तर-पश्चिम कोपऱ्यात, एक लहान खोली. ती चाचींनी स्वतः मागितली. नकाशातली काच, बाल्कनी, दोन बेडरूम सगळे खोडून झाल्यावर फोनवर मुलगा गप्प बसला होता. चाची त्याला काही बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "त्याला एक खिडकी काढ." मग त्या खोलीला सहा फूट रुंद खिडकी काढली, वर खोल छप्पर, बाहेरून सागवानी झडपा. तिच्यातून वाडीवरून समुद्र दिसतो.

मी २०२२ मध्ये अकोल्याला आले. इथल्या उर्दू शाळेत आता 'नसीम-ए-बहरी' शिकवताना बाण काढून झाल्यावर मी मुलांना तोंडावर हात ठेवायला सांगते आणि विचारते, हा वारा वर्षभर लागला तर तुमच्या सायकलीचे काय होईल? मुले हसतात. एकदा समुद्रकाठचे घर काढायला सांगितले. चाळीसपैकी अडतीस जणांनी समुद्रासमोर तोंड केलेले घर काढले, मागे दोन डोंगर आणि मधून सूर्य. उरलेल्या दोघांनी जहाज काढले.

आम्हीही इथे घर बांधायला घेतले आहे. काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, म्हणून पाया खोल मुरमापर्यंत न्यावा लागला आणि निम्मे पैसे तिथेच गेले. गवंडी पश्चिमेला मोठी खिडकी द्या म्हणून मागे लागला होता, "हवा येते ताई." मी सासूबाईंना विचारले, मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे बसणार? त्यांनी उत्तरेची भिंत दाखवली. पश्चिमेला आता भिंतच आहे.

चाचींचा फोन महिन्यातून एकदा येतो. वादळानंतर त्यांनी लावलेल्या वाडीची खबर त्यात अर्धी असते. कोणता माड कीड लागून गेला, कोणती पोफळ कमरेच्या वर आली, सुरूच्या बनात पंचायतीने किती रोपे लावली. मुलगा २०२४ मध्ये पहिल्यांदाच जुलैत आला होता, कंपनीने रजा दिली तेव्हा. पंधरा दिवस झड होती. खिडकीच्या झडपा एकदाही उघडता आल्या नाहीत. तो पडवीत सरपणाच्या राशीवर बसून पाऊस बघत असे, असे चाचींनी हसत सांगितले.

मागच्या फोनवर मात्र त्या हसल्या नाहीत. माडाच्या झावळ्या आता माडीच्या खिडकीपर्यंत आल्या आहेत. अजून दोन-तीन वर्षांत तिथून समुद्र दिसायचा नाही. मुलगा म्हणतो, खिडकीसमोरचे दोनच माड काढू, बाकीचे राहू देत. चाचींनी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.